खेचराच्या कबरीवरची पाटी

"पोरी, आता जे सांगतो ते तुला खरं वाटायचं नाही," टायटस चिझम म्हणाला आणि विणायची सुई दातांत धरून त्याने मांडीवरचा मासे धरायचा पाग झटकला.

हे वाक्य तो गेली साठ वर्षं म्हणत आला होता. कोळंबीच्या होडीवर म्हटलं होतं, प्रार्थनाघराच्या पायरीवर म्हटलं होतं, एकदा तर न्यायाधीशासमोर शपथेवर म्हटलं होतं. आणि दर वेळी ऐकणाऱ्याला सगळं खरंच वाटलं होतं. त्या सकाळी मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्या बाईला ते खरं वाटू नये म्हणून तो मनातल्या मनात देवाचा धावा करत होता.

बाईचं नाव व्हर्डेल. आईचं बोट धरून हे बेट सोडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता केस पिकल्यावर फिलाडेल्फियाहून बसमागून बस बदलत ती परत आली होती. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक कप. कप तिच्या आईचा, इओलाचा. इओला हिवाळ्यात गेली. मला फिलाडेल्फियाच्या गोठलेल्या मातीत पुरलंत तरी चालेल, पण माझा कप गावी नेऊन माझ्या आईपाशी फोडा, एवढं एकच मागणं तिने मागे ठेवलं होतं. इथली रीतच आहे ती. माणूस गेलं की त्याने शेवटचं वापरलेलं भांडं कबरीवर नेऊन फोडायचं. नाही फोडलं, तर गेलेल्याची घराशी असलेली दोरी तुटत नाही, आणि तो सोबतीला आणखी कुणाला तरी ओढून नेतो. आणि कप काही दोनदा फुटत नाही. चुकीच्या मातीवर फुटला की संपलं.

व्हर्डेल ज्या ओकच्या झाडाखाली उभी होती, त्याच्या बुंध्याशी काउंटीने लावलेली नवीकोरी लोखंडी पाटी होती. वर काउंटीची मोहोर, खाली सोनेरी अक्षरं: या वसाहतीचे पूर्वज येथे चिरविश्रांती घेत आहेत. पाटीच्या पायथ्याशी कुणी कुणी वाहिलेली फुलं होती.

पाटीखाली विश्रांती घेत होतं ते सिनेटर नावाचं एक खेचर. टायटसच्या आजोबांचं. फार लाथाळ होतं, आणि मेलंही अशा आडमुठेपणाने, की चौघांना ते ओकच्या सावलीतून हलवता येईना. म्हणून तिथेच खड्डा केला. त्याखेरीज त्या जागेत आजवर कुणालाही पुरलेलं नव्हतं.

खरी दफनभूमी तिथून बरीच लांब होती. झाडीच्या पलीकडे, खाजणाच्या कडेला, भरतीचं पाणी कबरींच्या पायथ्याशी येऊन टेकतं तिथे. मेलेल्याला पाणी जवळ लागतं. समुद्राच्या ज्या वाटेने पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले त्याच वाटेने परत जायचं असतं. तिथे दगड नाहीत, नावं नाहीत. फुटके कप, बशा, दिव्यांच्या काचा, बंद पडलेली घड्याळं आणि शिंपले. फार पूर्वी शहरातली माणसं फावडी घेऊन आली आणि त्या बशा, ते कप उचलून घेऊन गेली. कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते शोभेला लागले म्हणे. तेव्हा टायटसच्या आजोबांच्या पिढीने प्रार्थनाघरात बसून ठरवलं: यापुढे जो कुणी विचारील त्याला खेचर दाखवायचं. दिसायला बरं म्हणून ओकखाली चार तडकलेल्या बशाही आणून ठेवल्या. परक्यालाच नव्हे, घरच्या पोरांनाही खेचरच दाखवायचं, कारण पोरांच्या पोटात काही राहत नाही.

मग पोरांना खरं कधी कळायचं? सांगून तर कधीच नाही. सांगायला सक्त मनाई होती, सुचवायलाही. परक्याला जागा दाखवली की त्याचं समाधान होतं. तो टोपी काढतो, फोटो काढतो, निघून जातो. ज्याचं माणूस मातीत आहे त्याचं समाधान होत नाही. कधी ना कधी ते पोर ओकखाली उभं राहून आपल्या तोंडाने म्हणतं, हे खोटं आहे. त्या दिवशी मोठी माणसं मुकाट्याने उठतात आणि त्याला झाडीपलीकडे नेतात. टायटस बाराव्या वर्षी म्हणाला. इओला त्याच्याही आधी, अकराव्यातच. तिने तर ओकच्या मुळाला लाथ मारून विचारलं होतं, की एवढी माणसं इथे निजली आहेत तर मग जमीन अशी सपाट कशी. पण व्हर्डेल नवव्या वर्षीच गेली होती. तिच्यासाठी आजी ओकखालीच होती. आणि शेवटच्या वर्षात इओलाला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं, जागा कुठली आठवणार.

आता पाटी कशी आली ते. काउंटीच्या वारसा मंडळाचे व्हिटलो म्हणून एक निवृत्त दंतवैद्य होते. पांढरी हाफ पॅन्ट, गवती टोपी, नाकाला उन्हाचं मलम. माणूस देवासारखा. टायटसच्या चुलतबहिणीचं, ओडेसाचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा स्वतःच्या गाडीतून तिला इस्पितळात नेऊन रात्रभर बाकावर बसून राहिला होता. इतक्या माणसांच्या नावाची साधी एक पाटी नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. घरोघरी हिंडून त्याने वेगवेगळ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना एकेकटं गाठून विचारलं. प्रत्येकाने, एकमेकांना न विचारता, त्याच ओककडे बोट दाखवलं. मंडळात म्हणे सगळे थक्क झाले. इतका एकमुखी पुरावा कुणी पाहिला नव्हता. खरं बोलणारी माणसं दोन-चार हात इकडेतिकडे होतात. ही सगळी अगदी बुंध्यावर येऊन थांबत होती. पिढ्यान् पिढ्या एकच थाप घोटून घोटून गावाने इतकी गुळगुळीत केली होती, की तिच्यावर सरकारी मोहोर बसली. अनावरणाच्या दिवशी लाल भात आणि तळलेले मासे झाले, बायांनी गाणी म्हटली, व्हिटलोंना बोलता बोलता रडू आलं. टायटसने सिनेटरसाठी टोपी काढली. कुणाचीही व्हिटलोंना खरं सांगायची छाती झाली नाही. आणि सांगितलं असतं तर त्या भल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी ते नकाशावर छापलं असतं.

व्हर्डेलने मंडळाला फोन केला, तेव्हा अर्थातच व्हिटलो बसथांब्यावर हजर होते. तेच तिला गाडीतून ओकखाली घेऊन आले होते. झाडापासून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला, गवताच्या टोपल्या मांडून ओडेसा बसली होती. ठराव पाळण्याच्या बाबतीत ती पोलिसापेक्षा कडक. टायटसची जीभ जरा खऱ्याच्या बाजूला घसरू लागली की तिला खोकला यायचा.

"तुझ्या आजीची पेटी," टायटस म्हणाला, "बारा जणांना उचलेना. का, तर म्हातारीने आत आपलं लोखंडी भांडं लपवून ठेवलं होतं. भातासकट. वर चाललेय, तिथला स्वयंपाक कसा असेल कुणी सांगावं, म्हणाली."

असं काही कुणाला पटेल का? पण व्हिटलोंनी मान डोलावली. लोखंडी भांडं बरोबर देण्याची प्रथा समुद्रापलीकडच्या दोन-तीन जमातींत नोंदवलेली आहे, असं त्यांनी व्हर्डेलला हलक्या आवाजात समजावलं. व्हर्डेलने डोळे पुसले.

टायटसने सुई चालवली आणि आणखी जाड थाप काढली. आजीचा कोंबडा अंत्ययात्रेत सगळ्यांच्या पुढे चालत होता. मातीवर तो असा काही आरवला, की पाद्र्याने प्रवचन आवरतं घेतलं. पुढे त्या कोंबड्याला प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर जागा होती, आणि तो ओडेसापेक्षा सुरात गायचा.

"तो कोंबडा मेल्यावर तूच त्याच्या जागी बसलास," टोपलीवरून नजर न काढता ओडेसा म्हणाली. "आवाजही तोच."

व्हर्डेल हसली, पण रडतारडता हसतात तसं. व्हिटलोंना कोंबड्यातही काही अडचण दिसली नाही. कोंबडा हा पहाटेचं प्रतीक आहे, कथेचा गाभा खराच असणार, म्हणाले. टायटसला घाम फुटला. त्याच्या प्रत्येक लंगड्या थापेला हा सज्जन माणूस विद्वत्तेची काठी देऊन उभी करत होता.

म्हणून त्याने शेवटची काढली. अशी, की शेंबडं पोरही म्हणेल, चल काहीतरीच. तुझ्या आजीला इथे उभी पुरली आहे, तो म्हणाला. जन्मभर भाताच्या चिखलात वाकले, आता मेल्यावर आडवी व्हायची नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून विहिरीसारखा खड्डा खणला आणि पेटी उभी सोडली. तू उभी आहेस ना, तिथे बरोबर खाली तिचं डोकं येतं.

व्हर्डेल हळूच एक पाऊल मागे सरली. तिने जिथे पाय होता तिथल्या वाळूवर तळहात टेकवला.

"अशीच होती ती," ती म्हणाली. "मम्मा सांगायची. कुणापुढे वाकायची नाही."

टायटसने मान खाली घातली. साठ वर्षांच्या सवयीने त्याची थाप नको तिथे सुंदर निघाली होती. वाईट खोटं बोलायला तो कधी शिकलाच नव्हता.

आधी काठी काढून घ्यायला हवी होती. त्याने व्हिटलोंकडे वळून सहज विचारलं, की आज ओहोटी किती खोल आहे ते त्यांनी पाहिलं का. अशा ओहोटीला जुन्या आगबोटीच्या धक्क्याखाली एका तोफेचं तोंड उघडं पडतं. घटकाभरच. आत एक मासा राहतो, त्याच्यामुळे कुणी हात घालत नाही. व्हिटलोंचा हात कॅमेऱ्यावर गेला आणि परत खाली आला. व्हर्डेलला अशा वेळी एकटं सोडून जाणं त्यांना बरं वाटेना. व्हर्डेलनेच त्यांना जायला सांगितलं. एवीतेवी हे काम आपल्याला एकटीनेच करायचं होतं, म्हणाली. त्यांनी टोपी काढून पाटीला एकदा आणि तिला एकदा नमस्कार केला आणि गाडीकडे गेले.

"तोफ," ओडेसा पुटपुटली. "देव तुला बघून घेईल, टायटस."

"मला आधीच बघून बसलाय तो," टायटस म्हणाला.

व्हर्डेलने टॉवेल सोडला. कप पांढरा होता, निळ्या काठाचा, कानाशी टवका उडालेला. आत चहाचा तपकिरी कंगोरा तसाच होता. तिने तो धुतला नव्हता. ती ओकच्या मुळापाशी गुडघ्यावर बसली. मुळाची एक धार जमिनीबाहेर आलेली होती, कप फुटायला अगदी सोयीची. तिने ओठ हलवून काही म्हटलं आणि हात वर उचलला.

"थांब," टायटस म्हणाला.

ओडेसा खोकली.

टायटसने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याच्याकडे आता एकही थाप शिल्लक नव्हती. एवढा मोठा थापाड्या, आणि पोतडी झटकून पाहिली तर रिकामी. जाळं मांडीवरून घसरून पायात पडलं, ते त्याने उचललं नाही. तो बोलायला लागला तेव्हा आवाज निराळाच होता. जोर नसलेला, मध्येच थांबणारा. व्हर्डेलने नकळत हात खाली घेतला.

तुला आठवणार नाही, तो म्हणाला. चार वर्षांची होतीस. पिवळा फ्रॉक होता. म्हातारीचा तुझ्यावर फार जीव, तिने मागे वळून तुला न्यायला येऊ नये म्हणून तुला पेटीवरून पलीकडे द्यायचं होतं. करतात तसं, लहान पोरांचं. एका बाजूला तुझी आई, दुसऱ्या बाजूला मी. इओलाने तुला उचललं आणि पेटीवरून माझ्याकडे दिलं. तू ओरडलीस. सगळं गाणं बुडवून ओरडलीस. आणि माझा हा कान असा धरलास, की प्रार्थना संपली तरी सोडेनास. तुझी आई तेवढ्यातही हसली होती. तिच्या आईच्या मातीवर ती हसली, म्हणून बायांनी तिला नावं ठेवली.

यात कुठेही खोटं नव्हतं, आणि जागेचं नावही त्याने काढलं नव्हतं. ओडेसाचे हात टोपलीवर थांबले होते. खोकायला जागाच नव्हती.

व्हर्डेल कप मांडीवर धरून बसली होती. ती टायटसकडे पाहत नव्हती. त्याच्या कानाकडे पाहत होती.

"तुमची पॅन्ट ओली होती," ती म्हणाली.

टायटसचा हात त्या कानाकडे गेला.

"गार होती. मी खाली सरकले, तर माझे पाय भिजले. म्हणून ओरडले मी." तिने डोळे बारीक केले. "पेटीला घाबरून नाही. माझा एक बूट पडला. पांढरा. मी तुमच्या खांद्यावरून बघत होते. तो लांब लांब गेला, आणि कुणीच आणायला गेलं नाही. मम्मा म्हणाली, जाऊ दे, आजीला हवा असेल."

एक मोटार रस्त्यावरून गेली. तिच्या मागे धूळ उठली आणि पाटीवर, फुलांवर, टोपल्यांवर बसली. व्हर्डेलने वळून रस्त्याकडे पाहिलं. मग ओकच्या पलीकडे पाहिलं, जिथे नुसती वाळू आणि पाइनची वाळलेली पानं होती. मग पुन्हा टायटसकडे.

"ओली का होती तुमची पॅन्ट?"

टायटसने तोंड उघडलं. खरं अगदी जिभेच्या टोकावर होतं. ओडेसा त्याच्याकडे रोखून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ती नाहीच अशी हलवत होती. सांगायचं नाही. सुचवायचंही नाही. आजोबांपासून चालत आलेलं, इओलानेही मरेपर्यंत पाळलेलं.

"दंव," तो म्हणाला. "त्या दिवशी दंव फार पडलं होतं."

आयुष्यात इतकी दरिद्री थाप त्याने मारली नव्हती. ती मारताना त्याचा आवाज चिरकला, आणि पायातलं जाळं उचलायला तो खाली वाकला तो वर बघेचना.

व्हर्डेल उठली. गुडघ्याची वाळू तिने झटकली नाही. कप पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळला, नीट, चारही टोकं आत दुमडून, आणि छातीशी धरला. मग त्या म्हाताऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"दंवात बूट वाहून जात नाही, अंकल," ती म्हणाली. "खोटं बोलताय तुम्ही."